माझ्या नावाचा डबा

फोन आला तेव्हा मी शालूच्याच नावानं बोटं मोडत होते. खोटं कशाला सांगू? श्रावणातला सोमवार, सकाळपासून पोटात काही नाही, संध्याकाळी उपास सोडायला पुरण करून ठेवलेलं, आणि पोळ्या भरून ठेवायला माझा मोठा डबा काही घरात नाही. असणार कुठून? तो शालूकडे. माझ्या रुखवतातला, कडीचा, जड स्टीलचा, झाकणावर माझं नाव कोरलेला डबा. आदल्याच दिवशी ती मागच्या दारानं आली होती. माझ्या हातचा चहा प्यायली, माझ्याच कुंडीतली तुळशीची पानं तोडून तोंडात टाकली, आणि मी डबा मागितल्यावर नेहमीचं ठरलेलं उत्तर देऊन गेली, "आणते ना बाई उद्या." तिचा हा 'उद्या' मी जवळजवळ दोन वर्षं ऐकत होते! म्हणून फोनवर दिराचं, वसंताचं नाव दिसलं तेव्हा मी नमस्कार-चमत्कार न करताच सुरू झाले, की तुमच्या बायकोले सांगा, आज डबा आला नाही तर मी पोलिसात जाते. पलीकडून वसंता म्हणाला, "वहिनी, शालू राह्यली नाही…"

सकाळच्या बसनं ती बुलढाण्याला गेली होती. तिच्या मार्गदर्शक मॅडमना भेटून तोंडी परीक्षेची तारीख विचारायची, एवढंच काम. कॉलेजच्या पायऱ्या चढताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली बाई. मी त्या दिवशी पुरणाच्या पातेल्यासमोर कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. रडू आलं नाही, राग आला. ही नेहमी अशीच, मला मध्येच सोडून निघून जाणारी. भांडण अर्धं टाकून, चहा अर्धा टाकून.

शालू म्हणजे शालिनी, माझी धाकटी जाऊ. अमडापूरच्या अलीकडं रस्त्याला लागून आमचं खेडं आहे. तिथं आम्हा दोघींची घरं पाठीला पाठ लावून, मध्ये एक दार. त्या दाराला कडी आहे, पण ती कधी लागलेली मला आठवत नाही. मी प्राथमिक शाळेतली, आता निवृत्त झालेली मास्तरीण, पोरांना दरडावून दरडावून माझा आवाज पहाडी झालेला. ती लग्न होऊन आली तेव्हा बीए झालेली, बारीक, आणि हसरी इतकी की सासूबाईंना संशय यायचा. "ही पोरगी कोनाले हसून राह्यली?" असं त्या मला स्वयंपाकघरात विचारायच्या. मी म्हणायची, तुम्हाला आणि मला. ते खरंच होतं. तिला आमच्या सगळ्यांचं हसू यायचं आणि त्याहून जास्त स्वतःचं. एमए तिनं लेकाला मांडीवर घेऊन घरी बसून केलं. चिखलीच्या एका कॉलेजात तासाच्या हिशेबानं मानसशास्त्र शिकवलं. आणि लेक नोकरीला पुण्याला गेला, आता ही निवांत बसेल असं आम्हाला वाटलं, तर एके दिवशी पेढे घेऊन आली. पीएचडीला नाव लागलं म्हणे.

विषयाचं नाव एवढं लांब, की वाचता वाचता मलाच दम लागला. किशोरवयीन मुली, लिंगभाव, हिंसा, मानसिक आरोग्य, असं बरंच काही. मी म्हटलं, मले सोप्यात सांग. ती म्हणाली, "पोरीची जात म्हणून जो त्रास होते ना बाई, त्यानं पोरीच्या मनाचं काय होते, ते शोधायचं." मी म्हटलं, हात्तिच्या! ते तर मी इथं बसून सांगते, त्याले पीएचडी कायले पाहिजे? तर मांडी घालून समोर बसली, पेन काढलं आणि म्हणाली, "सांगा मग." आणि मला काही सांगता येईना. जन्मभर बोलत आलेली बाई मी, त्या दिवशी नुसती पदराचं टोक चाळवत बसले. शालूनं मला टोचून बोलायची ती संधी सोडली, म्हणून तो प्रसंग माझ्या चांगलाच लक्षात आहे.

पहिलं वर्ष तिचं जे झालं ते आठवलं तरी अजून हसू फुटतं. प्रश्नावली घेऊन ती आजूबाजूच्या गावांत हिंडायची, आणि आईबापाची सही घेतल्याशिवाय पोरीशी बोलायचं नाही असा तिचा नियम. आता आपल्याकडं सही म्हटली की लोकांना सातबारा आठवतो. एक गृहस्थ तर वकील घेऊनच बसले. दुसऱ्या एका घरी तिनं पोरीचं वय विचारलं, शिक्षण विचारलं, आवडनिवड विचारली, झोप लागते का, भूक लागते का असं विचारलं. पोरीची आई आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. आली ती पोह्यांची बशी घेऊन, आणि मागून पोरगी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन! माऊलीला वाटलं, ही बाई पुण्यातल्या लेकासाठी सून पाहून राह्यली. पोरगी दहावीची. शालूनं पोहे खाल्ले, पोरीला शेजारी बसवून घेतलं, आणि आईला इतक्या गोडीत समजावलं की ती माऊली पुढं तिची खास मैत्रीण झाली. पण घरी येऊन मला सांगताना हसता हसता शालूच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, त्या पोरीनं एका शब्दानं इचारलं नाही, मले साडी काऊन नेसवून राह्यली म्हणून. गपचूप नेसून आली."

हे गपचूप प्रकरणच तिच्या मुळावर येऊन बसलं होतं. प्रश्नावल्या भरून यायच्या, पण काय भरून यायच्या? भीती वाटते का, नाही. कोणी त्रास देतं का, नाही. उदास वाटतं का, नाही. सगळ्या खुणा एका रांगेत, जणू गहूच पेरला. बुलढाण्याच्या मॅडम, शालूहून वयानं बऱ्याच लहान, पण हुशार, त्यांनी ते गठ्ठे बघून परत दिले. शालू ते घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, आपल्या तालुक्यातल्या साऱ्या पोरी देवाघरून हसतच आल्या काय हो? मी तूर निवडत होते. मी म्हटलं, खरं लिहून त्याहीले काय भेटनार हाय? नंतर तिनंच मला समजावून सांगितलं, की पोरींना काय भेटतं हे पक्कं माहीत असतं. घरी सांगितलं, की शाळा बंद. रस्त्यात कोणी बोललं म्हणून सांगा, शाळा बंद. मोबाईलवर कोणी काही पाठवलं म्हणून सांगा, मोबाईल बंद आणि शाळाही बंद. मग शहाणी पोरगी काय करेल? 'नाही' वर खूण करेल आणि दप्तर उचलून शाळेत जाईल.

आणि असं घर दूर नव्हतंच. माझीच नात गौरी, राजूची लेक, तेव्हा नववीत. अमडापूरच्या शाळेत बसनं जायची. दिवाळीत माझ्या हातच्या अर्धी परात करंज्या फस्त करणारी पोर, पण त्या पावसाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी, बसच्या वेळेला. चिखलीच्या डॉक्टरनं सोनोग्राफी केली, काही नाही. मी दृष्ट काढली, मिरच्यांचा ठसका सगळ्या गल्लीला लागला, काही नाही. पोर नखं खायची, केस विंचरू द्यायची नाही, आणि रविवारी मात्र एकदम ठणठणीत. शालू यायची, तिच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि मला म्हणायची, "तोंड बंद असलं की पोट बोलते, बाई." मला वाटायचं, हे पुस्तकातलं काहीतरी.

मग आल्या भुलाबाई. वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडच्या पोरी मातीच्या भुलाबाई-भुलोजी मांडतात, रोज एकेकीच्या घरी जमतात, टिपऱ्या वाजवून गाणी म्हणतात. आणि गाणी संपली की खिरापत. ती झाकलेल्या डब्यात ठेवायची, डबा हलवून दाखवायचा, आणि आवाजावरून पोरींनी ओळखायचं, आत काय आहे. गोड का तिखट, कोरडं का ओलं, तळलेलं का भाजलेलं, असं विचारत विचारत जायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. शालूची खिरापत ओळखणं म्हणजे दिव्य असायचं. एकदा तिनं डब्यात अख्खं कवठ ठेवलं होतं, आणि पोरी बिचाऱ्या लाडवांची सगळी नावं घेऊन थकल्या होत्या.

त्या वर्षी पोरींना घरी बोलवायची तिची पाळी आली त्या दिवशी ती उन्हातान्हात कुठल्या तरी गावाहून गठ्ठे घेऊन परतली, तर पोरी ओसरीवर हजर, टिपऱ्या सुरू. धावत माझ्याकडं आली, "बाई, तुमचा तो मोठा डबा द्या." मी दिला. माझा डबा माझ्या घरातून गेला तो असा. मला वाटलं हिनं काहीतरी मोठा बेत केलाय. आणि गाणी संपून डबा पुढं आला, शालूनं तो हलवला… आवाजच नाही. पोरी म्हणाल्या, शिरा. नाही. बासुंदी. नाही. दही, श्रीखंड, लोणी, जे जे म्हणून गुपचूप बसतं ते सगळं झालं. मी शालूचं तोंड पाहिलं आणि मला कळलं, बाईसाहेब खिरापत करायलाच विसरल्यात! डबा रिकामा आहे! भुलाबाईपुढं रिकामा डबा हलवणारी आमच्या पंचक्रोशीतली ती पहिलीच. मला वाटलं आता ही हसून झाकण उघडेल. तिनं उघडलं नाही. खाली बसली, डबा मांडीवर घेतला आणि म्हणाली, यात खायचं नाही. "यात एका पोरीची एक गोष्ट हाय. ती घरी सांगत नाही. ओळखा."

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग एक बारकी, पाचवी-सहावीतली, सवयीनं बोलून गेली, गोड का तिखट? शालू म्हणाली, तिखट. घरातली का बाहेरची? बाहेरची. रोजची का कधीमधी? रोजची… आणि ज्या पोरींनी तिच्या प्रश्नावलीवर ओळीनं 'नाही' लिहिलं होतं, त्याच पोरी पुढं सरकल्या. त्या 'एका पोरी'ला काय काय होतं ते एकीमागून एक ओळखायला लागल्या. आपलं म्हणून कोणीच काही बोलत नव्हतं, सगळं त्या डब्यातल्या पोरीचं. मागून कोणीतरी म्हणालं, "बसमधली." सगळा गलका थांबला. माझं लक्ष गौरीकडं गेलं. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरत होती. शालूनंही ते पाहिलं, आणि लगेच आम्हा बायकांना आत चहा ठेवायला पिटाळलं. खिरापत म्हणून शेवटी माझ्याच घरचे गूळ-शेंगदाणे वाटावे लागले, ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी आमचं भांडण झालं, आणि ते खरं भांडण होतं. मी विचारलं, काय हाय बसमधलं? तिला माहीत होतं. पोरी संध्याकाळी तिच्याशी बरंच बोलल्या होत्या. ती म्हणाली, ते माझं नाही सांगायचं, बाई. मी म्हटलं, घरातली पोर, माझ्या मांडीवर वाढलेली, अन् तू मले सांगत नाही? सासूबाई असत्या तर तुझी जीभ हासडली असती. मी आणखीही बरंच बोलले. ती ऐकून घेत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा हसत नव्हती. शेवटी म्हणाली, "गौरी सांगन. पण आधी तुमी अन् राजू तिच्यासमोर म्हना, शाळा बंद होनार नाही म्हनून. हे जोवर तुमच्या तोंडून ती आयकत नाही, तोवर मी मुकी." आणि दार ओढून गेली. कडी मात्र लावली नाही.

राजू, माझा लेक, तसा गरीब माणूस आहे, बियाण्या-खताचं दुकान चालवतो. पण पोरीचं असं काही असू शकतं म्हटल्यावर त्याचा पहिला शब्द तोच, तिला मलकापूरला मामाकडं ठेवू, नाहीतर सरळ घरी बसवू. गौरी तिथंच जेवत होती. तिचा घास हातातच राहिला. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला शालूची सगळी पीएचडी एका घासात समजली. ती पोर त्या बसमधल्या कोणाला जेवढी भीत नव्हती, तेवढी आम्हाला भीत होती. मी पोळी तव्यावरच टाकून उठले आणि म्हटलं, "गौरीची शाळा बंद होनार नाही. कोनी केली, तर या घरात त्याचा सैपाक बंद." राजू लेकीकडं वळून हळूच म्हणाला, नाही करनार वं बाबा, जेव तू. तवा करपला, पोळीचा कोळसा झाला, आणि गौरी बोलायला लागली. मागच्या दाराशी उभी राहणारी टोळकी, गर्दीत होणारी धक्काबुक्की, चोरून काढलेले फोटो, ते गाणी लावून मोबाईलवर सगळ्यांना दाखवणं… सगळं. रडत रडत बोलली, आणि मग दोन वेळचं एकदम जेवली.

पुढचं म्हणजे शालूच्या आयुष्यातला सोहळाच. अर्ज-तक्रारी तिनं केल्याच, शाळेत आणि आगारात. गौरीला घेऊन बुलढाण्याच्या दवाखान्यात समुपदेशकांकडंही जाऊन आली, आणि येताना दोघी सीताफळं खात खात आल्या. पण कागद हलेपर्यंत पोरींनी काय करायचं? तिनं गल्लीतल्या बायका जमवल्या आणि विचारलं, सरकारनं बाईले अर्धं तिकीट केलं, ते काय निसतं माहेरी जायले? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आठवीपासूनच्या पोरींसोबत बसमध्ये चढलो, डोक्यावर पदर, काखेत पिशव्या, आणि हातात भुलाबाईच्या टिपऱ्या. मी ड्रायव्हरच्या मागं, शालू थेट मागच्या दाराशी. बस सुटली तशी तिनं गाणं धरलं. चाल भुलाबाईची, शब्द तिचे स्वतःचे, बसल्या जागी जोडलेले:

मागच्या दारी उभा कोन गं, हाती मोबाईल धरतो कोन?
त्याची आजी पुढं बसली, तिले वळखू येतो कोन?

आजी खरंच पुढं बसली होती! कौसाबाई, त्या टोळक्याच्या म्होरक्याची सख्खी आजी. तिला मान वळवायला त्रास होतो, म्हणून ती सगळीच्या सगळी वळली, नातवाला नीट न्याहाळलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशी म्हणाली, "इकडं ये बे. पिशवी धर माझी." तो पोरगा अमडापूर येईपर्यंत आजीची पिशवी छातीशी धरून उभा होता, आणि पिशवीतून मेथीच्या जुड्या बाहेर डोकावत होत्या. कंडक्टर हसून हसून तिकिटं फाडायची विसरला. पोरी आधी गप्प होत्या, मग एकीनं टिपरी वाजवली, मग दुसरीनं. गौरी खिडकीशी होती. ती गायली नाही त्या दिवशी, पण उतरताना पोटावर हात नव्हता तिचा, एवढं मी पाहिलं.

आम्ही पाळ्या लावून घेतल्या, आज ह्या गल्लीच्या बायका, उद्या त्या. खरं सांगू का, गरज सरली तरी आम्ही जातच राहिलो. बाजार व्हायचा, गप्पा व्हायच्या, आणि सुनांपासून सकाळभर सुटका. त्या टोळक्यातली पोरं पुढं पुढं आम्हाला जागा द्यायला लागली. शालू त्यांच्याशीही बोलायची, त्यांना घरी बोलावून चहा पाजायची. मला ते बिलकूल आवडायचं नाही, मी तोंडावर सांगितलं. ती म्हणायची, यांच्याही डब्यात काही असनच की. मी म्हटलं, असू दे, माझ्या डब्यात नको ओतू. तो डबा अर्थात तिच्याकडंच होता. आता तो गावोगाव जात होता. जिथं जाईल तिथं पोरी गोल करून बसायच्या, डबा फिरायचा, आणि ज्या पोरीच्या मांडीवर डबा असेल तिनं काही बोलायचं नाही, नुसता हलवायचा. बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखलं, की तिनं झाकण उघडायचं. नको असेल तर उघडायचं नाही, तसाच पुढं द्यायचा. बस्स, एवढाच नियम. कोणी काय ओळखलं आणि कोणी झाकण उघडलं, ते शालूनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि मीही मग विचारणं सोडलं.

प्रबंध देण्याआधी बुलढाण्याला सगळ्या प्राध्यापकांसमोर तो मांडायचा असतो म्हणे. शालू इतकी घाबरली की आठवडाभर रोज येऊन मला भाषण म्हणून दाखवायची. मी डाळ निवडता निवडता मार्क द्यायची. त्या दिवशी ती म्हणाली, डबा सोबत नेते. मी म्हटलं, डबा जाईन तिथं मी येईन, त्याच्यावर माझं नाव हाय. म्हणून मीही गेले, नवी साडी नेसून, मागच्या खुर्चीत. एका सरांनी विचारलं, तुमच्या या पद्धतीला नाव काय? शालूनं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला, हलवला आणि म्हणाली, ओळखा सर. आधी हशा पिकला. एक मोठे सर म्हणाले, चिवडा. चिवडा! आवाज न करणारा चिवडा! मला तोंडात पदर कोंबावा लागला. मग ती पोरींना सांगायची तसंच शांतपणे म्हणाली, यात एका पोरीची एक गोष्ट आहे, ती घरी सांगत नाही. हसू विरलं. गोड का तिखट हे कोणाला सुचलं नाही, बिचारे शहरातले. थोड्या वेळानं पलीकडच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या केसांच्या एक मॅडम खाली बघत म्हणाल्या, बसमधली असेल… शालूनं डबा उचलला आणि त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, की पुढच्या सीटवरच्या माणसानं विचारलं, लग्नाहून येऊन राह्यल्या का?

उन्हाळ्यात प्रबंध गेला. तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती, आणि श्रावणात ती गेली. तेराव्याला पुण्याहून आलेला तिचा लेक पुन्हा पुन्हा म्हणत होता, आईला डॉक्टर म्हणवून घ्यायचं राहूनच गेलं. मला त्याचं तितकंसं वाटलं नाही. शालूला कोणी डॉक्टरबाई म्हटलं असतं तर ती हसतच सुटली असती. मला वाटत होतं ते वेगळंच. मागचं दार दिवसभर उघडं राहायचं, आणि तिकडून कोणी यायचं नाही. चहा मी सवयीनं दोन कप टाकायची. कोणाशी वाद घालायची सोय उरली नव्हती, राजू तर मी काही म्हटलं की 'बरं' म्हणून मोकळा. घरात मी एकाएकी फार समजूतदार बाई झाले होते, आणि ते मला सहन होत नव्हतं.

भाद्रपदाची पौर्णिमा आली. भावकीनं सांगितलं, घरात दुखवटा आहे, यंदा सण नाही, भुलाबाई तर नाहीच. मीही 'बरं' म्हटलं. पोरीही आल्या नाहीत. कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी मात्र टिपऱ्यांचा आवाज आला, आणि तो समोरून नाही, मागच्या दारानं आला. गौरी पुढं होती. आता ती अकरावीला आहे, चिखलीला जाते, एकटी. मागं सगळा घोळका. तिच्या हातात माझा डबा होता. वसंतानं शालूच्या कपाटातून काढून दिला म्हणे. मला वाटलं, चला, एकदाचा आला परत. मी हात पुढं केला, तर गौरीनं मला पाटावर बसवलं, डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आज तुझी पाळी, आजी. हलव."

मी म्हटलं, वेडी झाली का वं? पण पोरी गोल करून बसल्यासुद्धा. मी हलवला. आवाज नाही. तिखट का गोड, एकीनं विचारलं. ज्याच्या मांडीवर डबा त्यानं बोलायचं नाही, हा नियम मला ठाऊक होता. गुडघे, एक म्हणाली. दुसरी म्हणाली, शुगर. तिसरी म्हणाली, आबा, म्हणजे आमचे हे, घोरतात, आणि सगळ्या खिदळल्या. सूनबाई दारात उभी होती, तिच्याकडं बघून कोणीतरी काहीतरी कुजबुजलं, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. मी आपली डबा हलवत होते. मग गौरी अगदी माझ्यापुढं सरकून बसली. म्हणाली, "तुले भांडायले कोनी राह्यलं नाही."

मी झाकण उघडलं.

रडले मी, सगळ्यांसमोर, भोकाड पसरून रडले. तेराव्यालाही जे आलं नाही ते त्या संध्याकाळी आलं. पोरींनी रडू दिलं. कोणी पाणी आणायला धावलं नाही, कोणी उगी म्हटलं नाही, हे त्यांना शालूनंच शिकवलेलं असणार. मग त्यांनी गाणं म्हटलं, ते बसमधलं, आणि कौसाबाईच्या ओळीला मीही टिपरी घेतली. खिरापत काहीच नव्हती, तेव्हा पुन्हा आपले गूळ-शेंगदाणे काढले. अंधार पडायच्या आत पोरी जायला निघाल्या. मी डबा धुवून, पुसून फडताळातल्या त्याच्या जागेवर ठेवला आणि वळते न वळते तोच गौरीनं तो उचललाही. पलीकडच्या गल्लीतल्या पोरी थांबल्यात म्हणे, त्यांना पाहिजे. मी म्हटलं, अवं, आत्ताच तर घरी आला तो! माझ्या रुखवतातला हाय, माझं नाव हाय त्याच्यावर, परत आणून देशीन का नाही?

ती मागच्या दारातून वळून हसली आणि म्हणाली, "आणते ना आजी, उद्या."

कोजागिरी होऊन बरेच दिवस झाले. फडताळातली जागा मी मोकळीच ठेवली आहे. डबा अजून आलेला नाही.